खुनाच्या शिक्षेविरुद्ध अपील : पुराव्याची साखळी

बुऱ्हाणपूरच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या आरोपावरून जन्मठेप फर्मावली, तरी न्यायाचा मार्ग तेथे संपत नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे अपील करण्याचा हक्क कायद्याने आरोपीस दिला आहे. १९५६ पूर्वी निमाड जिल्ह्यातील अशी अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात चालत; राज्यपुनर्रचनेनंतर ती नव्या मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाकडे आली.

अपिलात साक्षीदारांस सामान्यतः पुन्हा बोलावीत नाहीत. नोंदलेल्या जबान्या, पंचनामे व वैद्यकीय अहवाल यांची उच्च न्यायालय स्वतः नव्याने छाननी करते. फाशीची शिक्षा तर, आरोपीने अपील केले नाही तरी, उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अंमलात येत नाही.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल, तेव्हा ही छाननी विशेष काटेकोर असते. नागपूर उच्च न्यायालयातून आलेल्या, बनावट कागदपत्रांविषयीच्या हनुमंत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली या पुराव्याची कसोटी सांगितली. तीच कसोटी पुण्यातील शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १७ जुलै १९८४ रोजी पाच तत्त्वांच्या रूपाने मांडली गेली :

१. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध व्हावी. ‘असेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांत अंतर आहे.
२. सिद्ध गोष्टी केवळ आरोपीच्या अपराधाशीच जुळाव्यात.
३. त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात.
४. अपराधाखेरीज अन्य प्रत्येक शक्यता त्यांनी दूर करावी.
५. पुराव्याची साखळी अखंड असावी.

या खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली होती. परंतु विषाने झालेला पत्नीचा मृत्यू ही आत्महत्याही असू शकेल, ही शक्यता दूर झाली नव्हती. संशयाचा फायदा देऊन सर्वोच्च न्यायालयाने आरोपीस मुक्त केले. दोन न्यायालयांनी मान्य केलेली शिक्षाही अपिलात टिकली नाही; एक जीव वाचला.

हा हक्क मुदतीने बांधलेला आहे. सत्र न्यायालयाच्या फाशीविरुद्ध ३० दिवसांत, तर अन्य शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील दाखल करावे लागते. निकालपत्राची प्रत आरोपीस विनामूल्य मिळते. कैद्यास तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठविता येते. वकील करण्याची ऐपत नसल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये मोफत वकील मिळतो. त्यासाठी नातेवाइकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनाविलंब अर्ज करावा.