पॅनेल बसले, आता घरातली गळती थांबवा



फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली आणि अनेकांनी घरावर सौर पॅनेल बसवून घेतले. पण पॅनेल बसले म्हणजे वीज फुकट झाली, असे समजू नये. विहिरीला पाणी वाढले म्हणून फुटका पाट कोणी तसाच ठेवतो का?

हिशोब पाहा. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. जुना पंखा ७५ वॅट खातो. असे चार पंखे बारा तास फिरले की ३.६ युनिट गेले. पॅनेलची जवळजवळ सगळी कमाई पंख्यातच संपली! बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटवर चालतो. चार पंख्यांना १.४४ युनिट पुरतात. महिन्याला साधारण ६५ युनिट वाचले.

तेव्हा पॅनेल वाढवण्याआधी एवढे करा :

१) जुने बल्ब काढून एलईडी लावा, मग एकेक पंखा बदला.

२) दोन किलोवॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. जमल्यास सौर बंब बसवा.

३) टाकीत पाणी चढवणे, इस्त्री ही कामे दुपारी उरका.

४) पॅनेलवरची धूळ, पाचटाची काजळी सकाळी साध्या पाण्याने धुवा.

आणि एक ध्यानात ठेवा. बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर पॅनेलची वीजही बंद होते. खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था आहे. तिच्याशी खटपट करू नका.