मध्यावर बदललेली वाट

प्रस्तावना

एका महाविद्यालयात पदवीचे शिक्षण सुरू असताना ते सोडून अधिक नामांकित विद्यापीठात जावे, असे पुष्कळांना वाटते. अशी वाट असते का आणि तिच्यावर पाऊल टाकताना हातचे काय सोडावे लागते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

मूळ पाठ

रायपूर जिल्ह्यातील शेतकरी जमिनीला तिच्या रंगपोतावरून नावे देतात. काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, मुरमाड तांबडी ती भाटा आणि कन्हार-मटासीच्या मधली ती डोरसा. ब्रिटिश अमदानीत या जिल्ह्यात बंदोबस्त अधिकारी म्हणून एक तरुण मराठी गृहस्थ काम करीत होते. शेताचा सारा ठरवायचा तर आधी मातीचा कस ठाऊक हवा. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून आलेल्या माणसाला ही नावे केवळ कागदावरची वाटली नसतील, असे मला नेहमी वाटते. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

देशमुखांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला. 1912 मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. अशा विद्यार्थ्याला मुंबईची पदवी उत्तम रीतीने मिळाली असती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही 1915 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी ती वाट सोडली आणि ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले.

त्या वेळी पहिले महायुद्ध सुरू होते. सागरी प्रवास निर्धोक नव्हता. केंब्रिजचे वर्ग ओस पडू लागले होते, कारण तेथील तरुण आघाडीवर गेले होते. मग घाई कशासाठी? त्या काळी आय. सी. एस. ची स्पर्धा परीक्षा फक्त लंडनला होत असे. ती हिंदुस्थानात घेण्यास 1922 मध्ये आरंभ झाला. विलायतेत गेल्यावाचून ते दार उघडत नव्हते. 1917 मध्ये देशमुखांनी केंब्रिजची पदवी घेतली आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. 1918 च्या आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले.

रँग्लर र. पु. परांजपे यांनी मात्र निराळा क्रम पत्करला होता. मुंबईची पदवी पुरी करूनच ते केंब्रिजला गेले, तेथे पुन्हा पदवीचे विद्यार्थी झाले आणि 1899 मध्ये सीनियर रँग्लर ठरले. हातची पदवी असूनही पहिल्या पायरीवर बसणे हे कमीपणाचे आहे, असे त्यांना वाटले नाही. दोघांपैकी कोणाचा मार्ग बरा, हे सांगणे कठीण आहे. एकाने वेळ वाचवला, दुसऱ्याने आधार राखला.

आता आजच्या रायपूरकडे वळू. 2016 मध्ये स्थापन झालेली भिलाईची आय. आय. टी. आरंभीची काही वर्षे रायपूरजवळच्या सेजबहार येथे भरत असे. तिच्या फाटकावरून रोज आपल्या महाविद्यालयात जाणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात काय येत असेल? दुसऱ्या महाविद्यालयातले एक वर्ष दाखवून आय. आय. टी. च्या दुसऱ्या वर्षात बसता येत नाही. तेथे जायचे तर प्रवेश परीक्षा नव्याने द्यावी लागते आणि पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागतो. त्यातही जे. ई. ई. ॲडव्हान्स्ड ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. मुक्त विद्यालयाच्या शिक्षार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : किमान पाच विषय घेऊन दिलेली मुक्त विद्यालयाची उच्च माध्यमिक परीक्षा या प्रवेशासाठी ग्राह्य धरली जाते.

पदविकाधारकांसाठी मात्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे दार अनेक महाविद्यालयांत उघडे असते. शिवाय 2021 मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढी सुरू झाली. बँकेत पैसे साठवावेत तसे उत्तीर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक तिच्यात जमा राहतात आणि दुसरी संस्था ते मान्य करू शकते. "करू शकते" हे शब्द महत्त्वाचे आहेत. श्रेयांक जमा असले, तरी प्रवेश देणे न देणे त्या संस्थेच्याच हाती असते. म्हणून जुन्या महाविद्यालयाकडून स्थलांतर प्रमाणपत्र मागण्यापूर्वी नव्या संस्थेकडून प्रवेशाचे लेखी उत्तर घ्यावे. अनेकजण हा क्रम उलटा करतात आणि वर्ष गमावून बसतात.

अमेरिकेत अशा बदलाची रीत जुनी आहे; परंतु नामांकित विद्यापीठांत जागा थोड्या. प्रिन्स्टन विद्यापीठाने 1990 पासून असे प्रवेश बंदच ठेवले होते. 2018 मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा 1,429 अर्जदारांपैकी 13 जणांची निवड झाली. अल्प उत्पन्न गटातील आणि सैन्यात सेवा केलेल्या विद्यार्थ्यांना उत्तेजन द्यावे, हा त्यामागील एक हेतू होता.

देशमुख पुढे 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. 1956 पासून ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. एकोणिसाव्या वर्षी एक विद्यापीठ मध्येच सोडून गेलेल्या या विद्यार्थ्याकडे देशातील सर्व विद्यापीठांचे अनुदान ठरवण्याचे काम आले होते.