दोराने बांधलेला उपग्रह

अवकाशयानातून लांब दोराने बांधलेला उपग्रह सोडल्यास तो दोर ढिला पडून गुंतत कसा नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर पृथ्वीच्या आकर्षणात आहे. उंची वाढते तसे हे आकर्षण कमी होते. दोराने जोडलेल्या दोन्ही वस्तूंना मात्र एकाच कालावधीत प्रदक्षिणा पूर्ण करावी लागते. त्यामुळे खालची वस्तू खाली व वरची वस्तू वर जाऊ पाहते आणि दोर उभा ताणलेला राहतो.

हा ताण लांबीबरोबर वाढतो. आरंभी तो अत्यल्प असतो. शिवाय उपग्रह लंबकाप्रमाणे झुलतो. दोर गुंडाळून घेताना हे झोके वाढत जातात. म्हणून दोर सोडण्याचा व ओढण्याचा वेग काळजीपूर्वक नियंत्रित करावा लागतो.

इटली व अमेरिका यांच्या १९९२ मधील पहिल्या प्रयोगात दोर सोडणारी यंत्रणा अडकली; उपग्रह ३०० मीटरही दूर गेला नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘कोलंबिया’ यानातून सुमारे १९.७ किलोमीटर दोर सोडण्यात यश आले. दोरातील तांब्याची तार पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वेगाने जात असल्याने सुमारे ३,५०० व्होल्टचा विद्युतदाब निर्माण झाला. वेष्टणाला इजा झालेल्या ठिकाणी ठिणगी पडून दोर जळाला व तुटला. उपग्रह वरच्या कक्षेत निघून गेला.

ताणाचे गणित बरोबर ठरले होते. उणीव राहिली ती वेष्टणात. गणिताइतकीच साहित्याची तपासणीही महत्त्वाची, हा या प्रयोगाचा बोध होय.