शंका-समाधान : शेततळ्यातले मासे बिचकले, आता काय?

प्रश्न : पिशोरला आमचं प्लास्टिक कागदाचं शेततळं आहे. रोहू, कटला सोडलेत. अंजना-पळशी धरणाकडून रोज पाणकावळे येतात. खाल्ले तेवढे गेले, पण उरलेलेही खाद्याला वर येईनात. काहींच्या अंगावर जखमा आहेत. रोग शिरला का? सगळंच जाईल का? शेजारी म्हणतात, विष टाका. रात्री झोप लागत नाही.

उत्तर : तळे हातचे जाईल असे काही तुमच्या पत्रात दिसत नाही. पाणकावळा बुडी मारून पाठलाग करतो आणि कागदाच्या तळ्यात माशाला लपायला जागाच नसते. घाबरलेल्या माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक) वाढते. एखाद्या वेळची भीती ओसरते; रोजची भीती मात्र भूक मारते, वाढ खुंटवते आणि प्रतिकारशक्ती घटवते. जखमा बहुधा चोचीच्या असाव्यात, पण त्यांतून जंतू आणि बुरशी शिरू शकतात.

म्हणून पहिला उपाय जाळ्याचा. तळ्यावर जाळे ताणून बसवा. ढिल्या जाळ्यात पक्षी अडकून मरतात. बुजगावणे आणि फटाके यांना पक्षी लवकर सरावतात. कागद फाटणार नाही अशा बेताने गुळगुळीत कडांचे पाइपचे तुकडे तळाशी सोडा, माशांना आडोसा मिळेल. खाद्य ठरल्या वेळी, ठरल्या जागी आणि खातील तेवढेच द्या. वाढ पाहण्यासाठी सारखे जाळे ओढू नका, माशाला तोही पाठलागच वाटतो. विष मुळीच नको : पाणकावळ्याला 1972च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि विषाने तुमचेच मासे मरतील.

जखमा लाल होऊन पसरल्या किंवा रोज मासे मरू लागले, तर मनाने प्रतिजैविके टाकू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातील अधिकाऱ्यांना तळे दाखवा. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या तज्ज्ञांनाही विचारता येईल.

प्रश्न : पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. तळ्यात दिवड दिसला होता. त्याच्या धाकाने तर नव्हे?

उत्तर : नाही. हे प्राणवायू कमी पडल्याचे लक्षण आहे, आणि दिवडापेक्षा हेच तातडीचे. रात्रभर शेवाळ आणि मासे पाण्यातला प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. लगेच पंपाने ताजे पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे सोडा आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवा. दुसऱ्या पहाटेही तसेच दिसले, तर अधिकाऱ्यांकडून पाणी तपासून घ्या. लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू हवा. दिवड बिनविषारी आहे. तो लहान मासे आणि बेडूक खातो, मोठ्या रोहूला त्याच्यापासून धोका नाही. त्याला मारू नका.