पाकिटावरचा हिशेब : कर्बोदके किती, चोथा किती?

कापडाच्या धंद्यात आम्ही सूत किती आणि पॉलिस्टर किती हे पाहिल्याशिवाय तागा उचलत नाही. पण चहाबरोबर येणाऱ्या बिस्किटांच्या पुड्यावर काय छापले आहे, हे आपल्यापैकी थोडेच लोक वाचतात. दिवसभर गादीवर किंवा शिलाई मशीनवर बसणाऱ्या आपल्या बांधवांनी ते वाचायलाच हवे, कारण मधुमेहाचा धोका बैठ्या कामाने वाढतो.

सडपातळ माणसानेही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के!

आता तक्ता कसा वाचावा ते पाहू.

१) कार्बोहायड्रेट म्हणजे कर्बोदके. यात साखर आणि पिष्ट दोन्ही आले. पिष्टाचीही पोटात साखरच होते. म्हणून 'शुगर फ्री' बिस्किटात मैदा असेल, तर रक्तातली साखर वाढणारच. 'टोटल शुगर्स' आणि 'अॅडेड शुगर्स' हे आकडे कर्बोदकांच्या पोटातलेच आहेत. ते पुन्हा बेरजेत धरू नयेत.

२) डाएटरी फायबर म्हणजे चोथा. तो पचत नाही आणि साखर रक्तात हळूहळू उतरू देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम कणकेत कर्बोदके सुमारे ६४ ग्रॅम व चोथा ११ ग्रॅम असतो. मैद्यात कर्बोदके ७४ आणि चोथा जेमतेम पावणेतीन ग्रॅम. ढोबळ कसोटी अशी की, दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे निदान १ ग्रॅम चोथा असावा. कणीक या कसोटीला उतरते, मैदा उतरत नाही.

३) आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हे आधी पाहावे. १०० ग्रॅममध्ये ७५ ग्रॅम कर्बोदके असतील, तर ४० ग्रॅम बिस्किटांत ३० ग्रॅम झाली.

४) परदेशी मालात फरक आहे. अमेरिकेच्या पाकिटावर कर्बोदकांच्या आकड्यात चोथा धरलेला असतो, युरोपच्या पाकिटावर तो वेगळा दाखवतात. युरोपच्या आकड्यातून चोथा पुन्हा वजा केला, तर हिशेब चुकतो.

५) आपल्याकडे चोथ्याचा दावा केलेला नसेल, तर त्याचा आकडा छापण्याची सक्ती नाही. अशा वेळी घटकांची यादी वाचावी. वजनाने जो घटक जास्त, त्याचे नाव आधी असते. पहिलेच नाव मैद्याचे असेल, तर पावाचा तपकिरी रंग पाहून भुलू नये.

बेकरीवाल्या बांधवांसाठी दोन शब्द. घन पदार्थावर 'फायबरयुक्त' लिहायचे, तर १०० ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम, आणि 'भरपूर फायबर' लिहायचे, तर किमान ६ ग्रॅम चोथा हवा. मैद्याला रंग देऊन तो गव्हाचा पाव म्हणून विकणे हा धोका आहे. धान्याच्या ढिगात आत ओल सापडली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या व्यापाऱ्याला ओला माल वर ठेवायला सांगितले होते, म्हणजे गिऱ्हाईकाला तो दिसेल. पाकिटावरचा तक्ता हीसुद्धा गिऱ्हाईकाची अमानत आहे. विकणाऱ्याने तो खरा छापावा आणि घेणाऱ्याने पैसे देण्याआधी वाचावा.