खडीची खाण आणि गावची विहीर

अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाची टेकडी आहे. टेकडी कसली, काळ्या कातळाचा उभा सुळकाच तो! उंची सुमारे २०० फूट. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. एके काळी या टेकडीच्या भोवतालचा दगड फोडून नेला. २००७ साली महापालिकेने तिला वारसा-वास्तूचा दर्जा दिला. मालाडला आणि भांडुपला ‘क्वारी रोड’ नावाचे रस्ते आहेत. क्वारी म्हणजे दगडाची खाण. मुंबईच्या वाढीला लागलेली पुष्कळ खडी उपनगरांतल्या अशा खाणींतून निघाली.

खडी हवीच. तिच्यावाचून ना रस्ता होतो, ना स्लॅब पडतो. पण खाणीशेजारच्या विहिरीचे काय होते, ते आपण पाहू.

आपल्याकडचा काळा दगड अंगात पाणी फार धरत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. पाऊस मुरतो, भेगाभेगांतून सरकतो आणि विहिरीत पाझरतो. खाण या पाण्याच्या पातळीखाली गेली, की भेगांतले पाणी खाणीत उतरू लागते. पाण्यात दगड फोडता येत नाही. म्हणून मालक पंप लावतो आणि पाणी नाल्यात सोडतो. म्हणजे खाण ही एक भली मोठी विहीरच झाली, आणि तिचा उपसा रात्रंदिवस चालू! मग शेजारची विहीर खाली जाणारच. भेगा कुठून कुठे जातात ते वरून दिसत नाही. त्यामुळे कधी जवळची विहीर वाचते आणि लांबची आटते.

कोणी म्हणेल, आमच्या विहिरीचे पाणी आमचेच ना? तसे सरळ नाही. जमिनीखालचे जे पाणी ठरलेल्या प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात तसे लिहिले आहे. तो हक्क जसा तुम्हाला, तसा शेजाऱ्यालाही. दोन विहिरींत हा न्याय ठीक आहे. विहीर आणि खाण यांत तो आम्हाला पटत नाही. पुढे कायदा थोडा बदलला. राज्याने १९९३ साली सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी कायदा केला, आणि २००९ साली भूजलाचा मोठा कायदा केला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरणाची मंजुरी हवी. अशा मंजुरीला अटी जोडलेल्या असतात. त्या अटींची नक्कल माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाची फी दहा रुपये.

पण तक्रार घेऊन गेलात, की साहेब पहिला प्रश्न विचारतात : आधी पाणी किती होते? ‘बक्कळ होते’ हे उत्तर तिथे चालत नाही. आणि मालक म्हणणार, यंदा पाऊसच कमी झाला. कधी कधी ते खरेही असते!

म्हणून मोजायचे, आणि लिहायचे. दोरीला दगड बांधा. दर हातावर गाठ मारा. महिन्याच्या १ तारखेला पहाटे, कोणी पाणी भरण्याआधी, दोरी सोडा. काठापासून पाण्यापर्यंत किती हात भरले, ते वहीत उतरवा :

‘१ मार्च. देवळाजवळची विहीर. काठापासून पाणी १४ हात.’

एक विहीर खाणीजवळची घ्या, दुसरी लांबची. दोन्ही सारख्या खाली गेल्या, तर बहुधा पावसाचा दोष. जवळचीच गेली, तर खाणीचा संशय धरायला जागा आहे. खाणीतला पंप कधी लागला, कधी बंद पडला, तेही शेजारी लिहा. पंप थांबल्यावर विहीर पुन्हा भरू लागली, तर तो मोठाच पुरावा. वही खाण सुरू होण्याआधीच उघडावी. नंतर उघडलेली वही अर्धीच गोष्ट सांगते.

तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी, कारण खडीच्या खाणीचा पट्टा त्यांच्या कचेरीतून मिळतो. अर्जाला वहीच्या पानांची नक्कल जोडा. मूळ वही कोणालाच देऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या.