विषाणूग्रस्त ई-मेल आणि घरचा संगणक

मे २०१६ मध्ये मंत्रालयातील महसूल व सार्वजनिक बांधकाम विभागांच्या सुमारे दीडशे संगणकांना ‘लॉकी’ नावाच्या विषाणूची बाधा झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून लॉकी जगभर पसरत होता आणि त्याचे मुख्य वाहन होते साधा ई-मेल. सोबत बिलाच्या नावाची वर्ड फाईल जोडलेली असे. ती उघडली की पडद्यावर अगम्य अक्षरे दिसत आणि मजकूर नीट वाचायचा असल्यास ‘मॅक्रो’ सुरू करा, अशी सूचना असे. मॅक्रो म्हणजे दस्तऐवजात दडवलेला छोटा आज्ञासंच. वाचकाने परवानगी दिली की विषाणू इंटरनेटवरून संगणकात उतरे आणि छायाचित्रे, हिशेब, पत्रे अशा साऱ्यांना सांकेतिक कुलूप घाली. कुलपाच्या किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणीची मागणी त्यानंतर येई.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, मेल येऊन पडल्याने काही बिघडत नव्हते; बिघडत होते ते परवानगी दिल्यावर. मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ विषाणूची रीतही हीच होती. प्रेमपत्र म्हणून आलेली फाईल लोकांनी स्वतःच्या हाताने उघडली आणि ती त्यांच्या पत्तेवहीतील सर्वांना त्यांच्याच नावाने रवाना झाली. म्हणून ‘मेल ओळखीच्या माणसाचा आहे’ हा भरवसा पुरेसा नाही. न मागितलेली फाईल आली तर पाठवणाऱ्याला आधी फोन करावा. साकीनाक्यात खैरानी रोडवरील लहान कारखान्यांचे बिल-कोटेशनचे काम घरच्या संगणकावर करणाऱ्यांना हे विशेष लागू आहे, कारण त्यांच्याकडे अनोळखी ‘बिल’ येणे हेच रोजचे असते.

फायलीचे खरे रूप तिच्या नावाच्या शेपटावरून कळते. पण विंडोज हे शेपूट मुळात लपवून ठेवते. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही चालणारी फाईल ‘बिल.पीडीएफ’ अशी सोज्वळ दिसते. फाईल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करावे. इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून रोखले आहेत, तेव्हा भामटे झिप व शॉर्टकट फायलींकडे वळले. मोबाइलवर तीच युक्ती लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनदंडाच्या नावाने आलेल्या ‘एपीके’ फायलीत दिसते. पत्रिका वाचण्यासाठी अ‍ॅप बसवावे लागत नाही, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे.

अँटिव्हायरस हवाच. या क्षेत्रातील एक मोठे नाव आपल्या राज्यातले आहे: पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे, दहावीपर्यंतच शिकलेले कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभे केले. विंडोजमध्ये अंगभूत असलेला डिफेंडरही घरगुती वापरास चालतो. परंतु कालच जन्मलेला विषाणू दोघांच्याही नजरेतून सुटू शकतो. मे २०१७ मध्ये थैमान घालणाऱ्या ‘वॉनाक्राय’ला तर कोणी फाईल उघडण्याचीही गरज नव्हती, विंडोजमधील ज्या छिद्रातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती. अपडेट पुढे ढकलणाऱ्यांना त्याने गाठले.

खरा प्रश्न गमावण्याचा आहे. आपल्या कुटुंबांत घरच्या संगणकावर काय असते? जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी स्कॅन केलेले उत्पन्नाचे दाखले, आणि आता हयात नसलेल्या आजी-आजोबांची छायाचित्रे. दाखल्याची मूळ प्रत कपाटात असली तरी अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती पुन्हा स्कॅन करत बसणे म्हणजे एखाद्या मुलीचे वर्ष धोक्यात घालणे. आणि छायाचित्राला दुसरी प्रत नसेल तर काहीच उरत नाही. यासाठी सर्व फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क काम होताच काढून ठेवावी. अनेकजण ती कायम जोडलेली ठेवतात. लॉकीसारखा विषाणू जोडलेल्या डिस्कलाही कुलूप घालतो, मग त्या प्रतीचा उपयोग शून्य. सायबर कॅफेत दाखले अपलोड केल्यावर तेथील डेस्कटॉपवरची प्रत पुसावी आणि तिथला पेन ड्राइव्ह घरी लावण्यापूर्वी तपासावा.

संशयास्पद फाईल उघडलीच, तर प्रथम इंटरनेट तोडावे: वायर काढावी, वाय-फाय बंद करावे. बॅकअपची डिस्क त्या वेळी मुळीच जोडू नये. ई-मेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदलावेत. खात्यातून पैसे गेले असल्यास त्याच घटकेला बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत विखुरते. संगणक साफ करण्यासाठी केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची साधने २०१७ पासून मोफत मिळतात. खंडणी भरू नये, कारण पैसे घेऊन किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही. मात्र कुलूपबंद फायली पुसूनही टाकू नयेत. युरोपातील पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक विषाणूंच्या किल्ल्या कालांतराने विनामूल्य उपलब्ध झाल्या आहेत. त्या फायली एका डिस्कवर बाजूला ठेवून अधूनमधून तेथे पाहत राहावे.